कुंपणाबाहेरचा शनवार

माझ्या धाकट्या भावाचं नाव फुटबॉलच्या मैदानाला देणार ही बातमी मला भावाकडून कळली नाही. टोरांटोहून आमच्या समाजातल्या एका मावशींचा फोन आला. "अभिनंदन गं, तुझ्या भावानं नाव काढलं," त्या म्हणाल्या. मी कढईत कांदा परतत होते. "हो का, चांगलं झालं," म्हटलं. मावशी बोलत राहिल्या आणि फोन ठेवेपर्यंत कांदा करपला. तो टाकला, दुसरा चिरायला घेतला. डोळ्यांना पाणी आलं ते कांद्याचं, अशी स्वतःची समजूत घातली.

सरळच सांगते, मी त्याच्यावर जळते. तो माझ्याहून दहा वर्षांनी लहान, घरातलं शेंडेफळ. त्याला मी अंगाखांद्यावर खेळवलंय, मऊ भात भरवलाय, त्याचं नाक पुसलंय. म्हणून काय झालं? साठीनंतर माणूस निवळतं म्हणतात. मी काही निवळले नाही. त्याचं कौतुक कानावर आलं की माझ्या पोटात दुखतं, आणि त्यावर कुठल्या फार्मसीत गोळी मिळत नाही.

त्यातून नाव म्हणजे आडनाव. आमची आडनावं कोकणातल्या गावांची असतात. समुद्राकाठचं चार माडांचं ते गाव, त्याचं नाव आता कॅनडात स्कोअरबोर्डवर लागणार. ते माझंही नाव होतं. लग्नात बदललं. आमचे हे गेले, पण त्यांच्या गावाचं नाव मला चिकटलंय ते आहेच.

आम्ही बेने इस्राएल, कोकणातले ज्यू. पिढ्यान् पिढ्या तेलाचे घाणे चालवले. शनिवारी आमचा घाणा बंद, म्हणून गावात आम्हाला शनवार तेली म्हणायचे. बाबांना या नावाचा केवढा अभिमान. "धर्माची पुस्तकं हरवली, भाषा विसरली, पण आपल्या माणसांनी शनवार सोडला नाही," हे वाक्य ऐकत आम्ही वाढलो. शनवार म्हणजे आमचा शब्बाथ. त्या दिवशी काम नाही, गाडी नाही, पैशाला हात नाही, चूल नाही. शुक्रवारी संध्याकाळी दिवे लागले की घाण्याचा बैल सुटला.

आम्ही मुंबईहून कॅनडातल्या केंब्रिजला आलो तेव्हा मी एकोणीस वर्षांची, तो नऊ वर्षांचा. पहिल्या वर्षी बाबांना लाकूडकामाच्या एका शॉपमध्ये चांगली नोकरी लागली होती. शनिवारी अर्धा दिवस यावं लागेल म्हटल्यावर त्यांनी ती सोडली आणि शाळेत झाडूपोछ्याची धरली, कारण शाळा शनिवारी बंद. त्या हिवाळ्यात आईनं माझ्या कोटाची बाही उसवून भावाच्या कोटाला जोड दिला. हे मी विसरले नाही, तो विसरला असेल. तो नऊ वर्षांचा होता, त्याला फक्त थंडी वाजत नव्हती एवढंच माहीत.

मी बाबांच्या वळणावर गेले. गाड्यांच्या कारखान्यात लागले, रंग तपासायच्या लाइनवर. शनिवारचा ओव्हरटाइम मी एकदाही घेतला नाही. कोणी अडवलं नाही, कोणी हिणवलंही नाही. पण टीम लीडरच्या जागेला शनिवार लागायचा, म्हणून त्या जागेला मी कधी अप्लायच केलं नाही. माझ्या हाताखाली शिकलेल्या पोरी माझ्या पुढे गेल्या. मला त्याचं काही वाटायचं नाही, कारण शुक्रवारी संध्याकाळी बाबा माझ्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "माझी बाय." तेवढ्यावर माझा आठवडा निघायचा.

आणि भाऊ? त्याला हायस्कुलात फुटबॉल लागला. आपला पायांनी खेळायचा नव्हे, इथला, हेल्मेट घालून एकमेकांच्या अंगावर पडायचा. अंगानं तो काटकुळा, पण चेंडू लाथाडायचा असा की कोचनं त्याला त्यासाठीच ठेवून घेतला. पुढे सस्काटूनला शिकायला गेला, तिथेच असिस्टंट कोच झाला. परत आला तो बातमी घेऊनच. आमच्या गावच्या छोट्या कॉलेजात पहिल्यांदाच फुटबॉलची टीम काढत होते आणि तिचा पहिला कोच हा. मॅच कधी? शनिवारी दुपारी.

बाबांनी आरडाओरडा केला नाही. जेवण संपवलं, हात धुतले आणि म्हणाले, "बाकीचे सहा दिवस तू माझा मुलगा. शनवारी या घरात तुझं नाव निघणार नाही." भाऊ खाली मान घालून बसला. आई भांडी उचलायच्या निमित्तानं उठली. मी तिथेच बसून राहिले, आणि माझ्या छातीत काहीतरी गरम गरम पसरलं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. आता शनवार माझा. शनवारचे बाबा माझे एकटीचे.

तो नेम मीच पाळून घेतला. शनिवारी फुटबॉलचा फ सुद्धा आमच्या घरात निघायचा नाही. पाहुणे आले आणि कोणी विचारलं, "काय, आज मॅच ना?" की मी ताट पुढे सरकवायची, "घ्या हो, मासे घ्या, नारळाच्या रसातले आहेत." आई गेल्यावर बाबा माझ्याकडे राहायला आले तेव्हा तर हे राज्य पुरतं माझं झालं. सकाळी घरातच प्रार्थना, कारण आमचं प्रार्थनेचं ठिकाण टोरांटोला आणि शनवारी गाडीत बसायचं नाही. मग शुक्रवारी रांधलेलं जेवण. मग थर्मासमधला चहा पिऊन बाबा फिरायला जायचे. "नदीकडून येतो जरा," म्हणायचे. संध्याकाळी परत आले की मी विचारायची, "नदीला पाणी किती?" ते सांगायचे, चढलंय, उतरलंय, काठाला बर्फ धरलाय. एवढंच आमचं बोलणं, पण ते माझं होतं.

भावाच्या टीमचे पहिले दिवस म्हणजे नुसता आनंद होता. मैदान म्हणजे मक्याचं जुनं शेत, कडेला गोठ्याचं मोडकं फाटक. हेल्मेटं कुठल्याशा शाळेनं टाकलेली. कपडे धुवायला कॉलेजात मशीन नाही. मग रविवारी सकाळी हा माझ्या दारात, गाडीत चिखलानं थबथबलेल्या जर्सींच्या पिशव्या. "ताई, फक्त या सीझनपुरतं." घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं. ते 'फक्त' सात वर्षं चाललं. मरून रंगाच्या जर्सी, आणि तो रंग असा सुटायचा की पहिल्या खेपेला माझ्या पांढऱ्या चादरी गुलाबी झाल्या. कोपरावरचे गवताचे डाग व्हिनेगर लावून घासायची. बेसमेंटभर दोऱ्या बांधून वाळत घालायची. मशीन बिघडलं तेव्हा त्यानं नवीन आणून दिलं, मोठ्ठं, आणि माझी मुलगी म्हणाली, "ममा, नाऊ यू आर ऑफिशियली द लॉन्ड्री डिपार्टमेंट." पोरीला हसू येत होतं. मला आलं नाही.

कोणी म्हणेल, मग धुवायच्या कशाला? नाही म्हणायचं. ते मला जमलं नाही. रविवारी नऊला त्याची गाडी ड्राइव्ह-वेमध्ये वळली की मी चहाला जास्तीचं पाणी ठेवायची, आणि ठेवता ठेवता चडफडायची.

पहिल्या सीझनला ते सगळ्या मॅच हरले. मी मनातून खूष. दुसऱ्या वर्षी एक जिंकले. मग जिंकतच सुटले. पेपरात फोटो यायला लागले, त्यात हा मधोमध, अंगावर माझ्या हातचं स्वेटर. टोरांटोच्या बायका मला सणावारी गाठून म्हणायच्या, "कोचची बहीण ना तू?" मी इतकी वर्षं गाड्यांचा रंग तपासला, बारीक केसाएवढा ओरखडा माझ्या नजरेतून सुटायचा नाही, पण मी कोण? तर कोचची बहीण.

बरं, कोच होता तोवर ठीक. पुढे तो अ‍ॅथलेटिक्स डायरेक्टर झाला. मग मुलींची टीम काढ, त्यांना वेगळी लॉकर रूम बांधून घे, पोरं बसमधून रात्रभर प्रवास करून थेट परीक्षेला बसतात म्हणून कॉलेजशी भांड, हिवाळ्यात बसला विंटर टायर आहेत का ते स्वतः वाकून बघ. लोक वाखाणायचे. मला वाटायचं, हो, जगाची काळजी आहे, आणि घरी म्हाताऱ्या बापाला शनवार मोडून दाखवतो त्याची नाही. आयतं देवपण मिळतं एकेकाला.

माझ्या मुलीचं कॉन्व्होकेशन रेजिनाला झालं. आमच्या घरातली पहिली इंजिनिअर. दिवस नेमका शनिवार. मी बाबांना म्हटलं, "बाबा, शनवार आहे, तुम्ही काही येणार नाही ना." ते म्हणाले, "बरं." मी एकटी गेले. सगळ्यांचे आजी-आजोबा फुलं घेऊन उभे. मला वाईट वाटलं, नाही असं नाही, पण त्या वाईटात सुद्धा ताठा होता. माझे बाबा नातीसाठीही शनवार मोडत नाहीत. कोणासाठीच मोडत नाहीत.

म्हणून मैदानाचा समारंभ शनिवारी आहे हे कळलं तेव्हा माझ्या जिवात जीव आला. मॅचच्या मध्यंतरात नाव जाहीर करणार होते.

भाऊ सांगायला आला बुधवारी. बुधवारी तो येतोच, बाबांशी क्रिकेटचं आणि हवेचं बोलतो, माझ्या हातच्या करंज्या खातो आणि जातो. त्या दिवशी करंजी हातात धरूनच म्हणाला, "बाबा, शनवारी आहे. हाफटाइमला."

"शनवारी ते कसे येतील?" मी लगेच म्हटलं.

"आय नो, ताई. या म्हणतच नाहीये मी. कानावर घालायला आलो."

बाबा चहाच्या कपात बघत होते. मग वर न बघता म्हणाले, "हाफटाइम म्हणजे किती वाजता?"

"दोनच्या सुमाराला," भाऊ म्हणाला.

"पाहू," बाबा म्हणाले.

माझ्या हातातला झारा तेलातच राहिला. शनवारच्या बाबतीत 'पाहू' हा शब्द बाबांच्या तोंडून मी जन्मात ऐकला नव्हता. शॉपची नोकरी सोडली तेव्हा नाही, नातीच्या वेळी नाही. भाऊ गेल्यावर मी विचारलं, "पाहू म्हणजे काय, बाबा?" तर म्हणाले, "पाहू म्हणजे पाहू. करंजी चांगली झालीय."

बुधवारपासून शुक्रवारपर्यंत मी धुमसत होते. मनात एकच. आयुष्यभर पाळलेला शनवार ते या टोणग्यासाठी मोडणार. मी प्रमोशन सोडलं, मी मुलीच्या समारंभाला एकटी उभी राहिले, मी रविवार रविवार त्याचे डाग घासले, आणि शनवार मोडायचा तो त्याच्यासाठी. ग्रोसरीला गेले तर नारळ घ्यायचा विसरले, ही गोष्ट आमच्या घरात बंद पडलेल्या घाण्याएवढी मोठी. परत जाऊन आणला आणि असा आपटला की एक भकल उडून ट्रेबाहेर पडली.

शनिवारी जेवणं झाली. बाबांनी स्वेटर घातलं, टोपी घातली, काठी घेतली. नेहमीसारखं म्हणाले, "नदीकडून येतो जरा."

"मी पण येते," मी म्हटलं.

ते थांबले. "तुझे गुडघे दुखतात ना?"

"आज नाही दुखत."

"वारा आहे."

"स्कार्फ घेते."

माझा बेत साधा होता. नदीपर्यंत जायचं, बाकावर बसवायचं आणि दोन वाजेपर्यंत हलू द्यायचं नाही. त्यांनी दार उघडलं आणि म्हणाले, "चल मग."

नदीपर्यंत आम्ही गेलो. पूल ओलांडला. बाबांनी कठड्यावरून खाली बघितलं, "उतरलंय पाणी," म्हणाले, आणि चालत राहिले. मी म्हटलं, "इथेच बसू या." ते म्हणाले, "थोडं पुढे." पुढे चढ. चढावर झाडी, पानं गळून वाट पिवळी झालेली. सत्त्याऐंशी वर्षांचा माणूस काठी टेकत असा चढत होता की दमून मीच मागे राहिले. कुत्रं फिरवणारी एक बाई समोरून आली. तिनं बाबांना हात केला, "कोल्ड टुडे, सर." बाबांनी टोपीला हात लावला. माझ्या कपाळावर आठी आली. ही कोण यांच्या ओळखीची?

मग झाडी संपली आणि लाऊडस्पीकर ऐकू आला. समोर जाळीचं उंच कुंपण. कुंपणापलीकडे हिरवंगार मैदान, पांढऱ्या रेघा, भरलेली गॅलरी. कुंपणाच्या अलीकडे, वाटेच्या कडेला, एक लांब लाकडी बाक. बाबा सरळ जाऊन त्याच्या एका टोकाला बसले. काठी दोन गुडघ्यांमध्ये ठेवली आणि हात काठीवर.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "नदी कुठाय, बाबा?"

"मागे राहिली."

"दर शनवारी इथे येता?"

"मॅच इथे असली की. एरवी नदीच."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. तेव्हा बाक नव्हता. ते फाटक होतं गोठ्याचं, त्याला टेकून उभा राहायचो."

"पहिल्या वर्षी तुम्ही शनवारी त्याचं नाव घेऊ देत नव्हता."

"नाव घेतलं नाहीच. बघायला कुठे नाव लागतं?"

मी कुंपणाची जाळी धरून उभी राहिले. बोटं गारठली. पाठीमागून ते शांतपणे बोलत होते, जणू बाजारभाव सांगताहेत. आत का जात नाही, तर तिकिटाला पैसे लागतात आणि शब्बाथला पैशाला हात लावायचा नाही. मुलानं फुकटचा पास देऊ केला, पण शब्बाथला खिशात काही घालून घराबाहेर पडायचं नाही, मग पास आणायचा कसा? तो म्हणाला, बाबा, गेटवरच्या माणसाला सांगून ठेवतो. तर यांचं म्हणणं, "आत जाऊन बसलो तर मी मॅच बघायला गेलो. बाहेर बसलो तर फिरायला आलो, दमलो, बसलो. समोर काय चाललंय त्याला मी काय करू?"

शनवार तेल्याचा वंश. घाणा बंद ठेवायचा, पण तेलाचा वास घ्यायला कोणी बंदी केली होती?

"मला का नाही सांगितलं?"

"तू नदीचं विचारायचीस, मी नदीचं सांगायचो. पूल ओलांडूनच यावं लागतं."

खोटं तर एकदाही बोलले नव्हते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. मी तरीही भांडले. म्हटलं, "आणि माझ्या मुलीच्या वेळी? तेव्हा बरा शनवार आडवा आला."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. "रेजिना चालत जाण्यासारखं नाही, बाय."

"शुक्रवारी विमानानं येता आलं असतं. समारंभाला हॉटेलवरून चालत."

"आलं असतं," ते म्हणाले. "मी सूटही काढून ठेवला होता. पण तू येऊन म्हणालीस, तुम्ही येणार नाही ना. मला वाटलं, तुझं तिथे काही ठरलं असेल. मी बरं म्हटलं."

आता यात माझं काय चुकलं? मी त्यांचा शनवार जपत होते. पण जाळीतून मैदान बघताना ते वाक्य माझ्या कानात वाजत राहिलं, आणि बुधवारचं दुसरंही. शनवारी ते कसे येतील. बाबांना विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर बाबांच्या आधी मीच दिलं होतं.

तेवढ्यात पोरं धावत आमच्या बाजूला आली आणि एक भलादांडगा पोरगा कुंपणापासून हाताच्या अंतरावर आडवा पडला. मरून जर्सी. तोच रंग. कोपराला गवताचा हिरवा डाग पडला तो मी पडताना बघितला. सात वर्षं मी तो डाग घासला होता, पण जर्सी माणसाच्या अंगात घातलेली, पळणारी, पडणारी, उठणारी मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितली. पोरगा उठला, हसला आणि परत पळाला.

"तीन वेळा मिळतात," बाबा मागून म्हणाले. "तीन वेळांत दहा यार्ड पुढे जायचं. नाही जमलं तर चेंडू समोरच्याला. अमेरिकेत चार देतात. इथे थंडी असते ना, लवकर घरी जायचं असतं."

"मला नका शिकवू," मी म्हटलं, पण मोजायला लागले होते.

शिट्टी वाजली, मध्यंतर झालं. मैदानाच्या मधोमध माइक आणून ठेवला. सूटबूटवाली चार माणसं आली आणि त्यांच्यात माझा भाऊ, डोक्यावर टक्कल, अंगावर पाच वर्षांपूर्वी मी विणलेलं तपकिरी स्वेटर. लाऊडस्पीकरवर आमच्या गावाचं नाव घेतलं, इंग्रजी तोंडानं पार वाकडंतिकडं करून. तरी ते आमचंच गाव होतं. बाबा काठी टेकून उभे राहिले. गॅलरीतले लोक उठून टाळ्या वाजवत होते. भाऊ माइकवर काहीतरी बोलला, वाऱ्यानं आमच्यापर्यंत काही आलं नाही. बोलणं संपवून तो वळला, गॅलरीकडे पाठ करून आमच्या कुंपणाकडे, आणि त्यानं हात वर केला. सवयीचा हात होता तो, दर मॅचला करत असणार. मग मी दिसले असणार, कारण हात तसाच वर राहिला.

मी हात केला नाही. मी स्कार्फ सारखा करत राहिले.

बाबा परत खाली बसले. "बस आता," म्हणाले. "किती वेळ उभी राहशील? जागा आहे."

"कॉलेजनं टाकलाय का हा बाक?" काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं.

"त्यानंच टाकवून घेतला. डायरेक्टर झाला ना, तेव्हाचं पहिलं काम. ही वाट सिटीची आहे, सिटीकडे खेटे घातले त्यानं. मला काही बोलला नाही. एक दिवस आलो तर बाक होता. बसलो."

"एका माणसाला एवढा लांब कशाला?"

"मीही त्याला तेच म्हटलं पुढच्या बुधवारी. अरे, मी एकटा म्हातारा, एवढा लांब कशाला टाकलास? तर म्हणाला, ताई येईल ना."

"आज येईन असं?"

"आज नाही गं. तेव्हा म्हणाला. बाक टाकला तेव्हा."

माझी मुलगी तेव्हा शाळेत होती. म्हणजे इतकी वर्षं हा प्रत्येक शनवारी कुंपणाकडे वळून हात करायचा आणि अर्धा बाक रिकामा बघायचा, बुधवारी येऊन माझ्या करंज्या खायचा, आणि तोंडातून एक अक्षर नाही. आणि मी घरी बसून समजत होते की शनवार मी जिंकलाय. मेल्यानं यातही मला मागे टाकलं. पोटात दुखायचं ते तिथेही दुखलंच, पण या वेळी ते जरा खोलवर दुखलं.

"सरकू का?" बाबांनी विचारलं.

"नको," म्हटलं, आणि बसले. बाबांच्या बाजूचं लाकूड बसून बसून गुळगुळीत झालं होतं. माझ्या बाजूचा रंग अजून तसाच होता.